गावच्या दहा हजारात काढा घ्यावा का बीपीचं मशीन? (आयुष अन् सरकारी पैसा)

कापसाची सरकी (सोमवार, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो. आज अडलंय म्हणून धागा काढतो. लांबलाय, सांभाळून घ्या.

घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव, चौदाशे वस्ती. उपकेंद्र गावातच, प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर. मी गावच्या आरोग्य, पोषण व पाणीपुरवठा समितीवर आहे. नाव भलं मोठं. काम एवढंच की वर्षाला दहा हजारापर्यंत जो अबंधित निधी मिळतो, तो कुठे घालायचा ते ठरवायचं. गेल्या वर्षी ब्लिचिंग पावडर अन् टाकीच्या झाकणात गेला.

यंदा मीटिंगमध्ये दोन तट पडले. माझे काका, रिटायर मास्तर, म्हणतात आयुर्वेद शिबिर घेऊ. काढा, च्यवनप्राश, म्हाताऱ्यांना गुडघ्याचं तेल. आशाताई म्हणतात बीपीचं मशीन होळीपासून बंद आहे, शुगरच्या पट्ट्या संपल्या, रात्री कोणाला न्यायचं तर स्ट्रेचर नाही. मागच्या श्रावणात एका मजुराला झोपेत मण्यार चावला, तर खाटेवर टाकून डांबरीपर्यंत नेला, ते अख्ख्या गावानं पाहिलं. (वाचला. ग्रामीण रुग्णालयात लस मिळाली. आधीचा एक तास मांत्रिकाच्या ओट्यावर गेला तो वेगळा.)

काकांचा सवाल असा, की सरकारच आयुषवर, म्हणजे आयुर्वेद-योग-होमिओपॅथी असल्या पद्धतींवर, कोट्यवधी घालते, मग आपले दहा हजार का जड झाले? मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही सांगा. सार्वजनिक दवाखान्याच्या पैशातून आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी चालवावं का? गुरुवारी ठरावावर सही करायची आहे.

निंबाचा पार (सोमवार, रात्री १०:०५)

काढाच घ्या भाऊ. पोट्ट्याइले सर्दी झाली का बुढी तुळस-अद्रकच देते न? मंग तेच सरकारनं देल्लं त काय बिघडलं?

आकडेमोड (सोमवार, रात्री १०:११)

बुढी फुकट देते, एवढंच बिघडलं.

निंबाचा पार (सोमवार, रात्री १०:१३)

हे बाकी खरं हाय.

आकडेमोड (सोमवार, रात्री १०:५८)

आता नीट लिहितो. आयुष हे २०१४ च्या नोव्हेंबरपासून वेगळं मंत्रालय आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याला सुमारे ३,९९३ कोटी, अन् आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९,८५९ कोटी. म्हणजे तिकडे शंभर रुपये, इकडे चार. "कोट्यवधी" हे खरं असलं तरी काकांना वाटतं तेवढं नाही.

माझा आक्षेप रकमेवर नाहीच. सगळं एका पोत्यात भरलंय त्यावर आहे. योगासनं, गुडघ्याला तेल, भगंदरावरचा औषधी दोरा आणि होमिओपॅथीच्या साखरगोळ्या, सगळं "आयुष". गव्हासोबत गाजरगवत तोलावं तसं.

२०२० आठवा. कोरोनात आपल्या ग्रामविकास खात्यानं खेड्यापाड्यात अर्सेनिकम अल्बम ३० वाटायचं ठरवलं होतं. त्या "३०" चा अर्थ किती जणांनी विचारला? मूळ अर्काचा एक भाग नव्याण्णव भागांत मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा नव्याण्णवात, असं तीस वेळा. बाराव्या वेळेलाच हिशेब असा होतो की बाटलीत मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडला तर नशीब. पुढच्या अठरा वेळा आपण पाण्यात पाणी ओततो. इंग्लंडच्या आरोग्य सेवेनं २०१७ मध्ये डॉक्टरांना सांगितलं, होमिओपॅथी लिहून देऊ नका. फ्रान्सनं २०२१ पासून तिची भरपाई थांबवली. आपण मात्र मास्क पुरत नव्हते त्या दिवसांत गोळ्यांची खरेदी काढली.

काळी माती (मंगळवार, सकाळी ६:५०)

स्वित्झर्लंड सोडून दिलंत वाटतं. तिथे २००९ मध्ये लोकांनी मतदान करून ६७ टक्क्यांनी पर्यायी उपचारांच्या बाजूनं कौल दिला, अन् २०१७ पासून मूळ विम्यात तेही भरले जातात. लोकशाहीत कर भरणाऱ्याला काय हवं हा मुद्दा आहेच की.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ७:३०)

बरोबर, मुद्दाम सोडलं नव्हतं. पण तिथेही तो उपचार करणारा आधी आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर असावा लागतो. आणि स्वित्झर्लंडमध्ये स्ट्रेचरऐवजी खाट वापरत नाहीत. पोट भरल्यावर सुपारी खाणं वेगळं.

उपकेंद्राची किल्ली (मंगळवार, दुपारी २:१५)

मी स्वतः बीएएमएस. विदर्भातल्याच एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, लोक सीएचओ मॅडम म्हणतात, काही म्हाताऱ्या नर्सबाई म्हणतात. त्यामुळे हा धागा वाचून हसावं का रडावं कळेना. जरा खोलात लिहिते.

साडेपाच वर्षं मी आयुर्वेद शिकले. नाडी, दोष, पंचकर्म, रसशास्त्र. मग सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स केला आणि उपकेंद्रात आले. आता माझा दिवस ऐका. सकाळी बीपी-शुगर, तिशीच्या वरच्या प्रत्येकाची. गरोदर बायांचं हिमोग्लोबिन. बुधवारी लसीकरण. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकीचा नमुना. मोठं काही दिसलं की ई-संजीवनीवर वरच्या डॉक्टरशी बोलणं, रेंज असेल तर. ह्यात आयुर्वेद कुठे आहे, मला दाखवा. पाटीवर "आयुष्मान आरोग्य मंदिर" आहे, त्यातला "आयुष" वाचून लोकांना वाटतं इथे काढा मिळतो.

म्हणजे सरकार आयुर्वेद विकत घेत नाहीये. सरकार स्वस्तातला डॉक्टर विकत घेतंय. एमबीबीएस आमच्याकडे टिकत नाही. बंधपत्राचं वर्ष भरलं की पोस्टग्रॅज्युएशनच्या तयारीला नागपूर-पुणे. मग ती खुर्ची कोण भरतं? बीएएमएस. मेळघाटात भरारी पथकांत वर्षानुवर्षं कोण फिरतंय? बीएएमएस, मानधनावर. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हा कागदावर होतं "आयुषला मुख्य प्रवाहात आणणे". प्रत्यक्षात मुख्य प्रवाहातली भोकं बुजवायला आम्हाला आणलं. मला त्याचं वाईट वाटत नाही, काम आवडतं. पण शहरात बसून "आयुषवर पैसा का" म्हणून भांडणाऱ्यांनी एकदा बघावं की त्या पैशाच्या नावाखाली खेड्यात पॅरासिटामॉलच दिली जाते.

आता दुसरी बाजू. प्राथमिक केंद्रात आयुर्वेदाच्या औषधांचं कपाट असतं. मी आधी जिथे होते तिथे तीन वर्षांत दोनदा माल आला, दोन्ही वेळी मुदत संपायला तीन-चार महिने उरलेले. त्रिफळा, योगराज गुग्गुळ, तेलाच्या बाटल्या. मागणी आम्ही केलीच नव्हती, वरून आलं. वाटून संपवा असा फोन. गुग्गुळ काय शेवचिवडा आहे का वाटून संपवायला? ज्या शास्त्रात माणसागणिक औषध बदलतं असं पहिल्या वर्षी घोकून घेतात, त्याचं हे रेशन दुकान.

तुम्ही मशीन घ्या, दादा. बीपी मोजायला आयुर्वेदाचा विरोध नाही.

सावजी रस्सा (मंगळवार, दुपारी ३:०२)

मॅडम, साष्टांग नमस्कार. हा प्रतिसाद फ्रेम करून लावला पाहिजे.

आता माझं. आयुषला सरसकट शिव्या द्यायला मी तयार नाही, कारण मी स्वतः त्यातून बरा झालोय. जागा सांगायची लाज वाटते, पण सांगतो. भगंदर, म्हणजे गुदाजवळ पू वाहणारी नळी. एका खासगी दवाखान्यात दोन ऑपरेशनं झाली, दोन्ही वेळा परत उमळलं. दुसऱ्या वेळी दोन एकराचं सोयाबीन त्यात गेलं. शेवटी एकानं नागपूरच्या सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात धाडलं. तिथे क्षारसूत्र, म्हणजे औषधाचे लेप दिलेला दोरा, त्या नळीत ओवतात अन् दर आठवड्याला बदलतात. दोरा हळूहळू कापत जातो, मागून जखम भरत येते. दहा आठवडे दर मंगळवारी मी एसटीनं गेलो. बसता येत नव्हतं, उभ्यानं. पण त्यानंतर सात वर्षं झाली, काही नाही.

आकडेमोड (मंगळवार, दुपारी ४:४०)

हे उदाहरण मला मान्यच आहे, उलट माझ्याच बाजूचं आहे. क्षारसूत्राची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं वेगवेगळ्या केंद्रांत घेतली, १९९१ मध्ये छापून आली. ऑपरेशनवाल्यांत ११ टक्के लोकांना पुन्हा झालं, क्षारसूत्रवाल्यांत ४ टक्के. बरं व्हायला मात्र ऑपरेशनला चार आठवडे अन् क्षारसूत्राला आठ. दोन्ही बाजू मोजून छापल्या, फायदा अन् तोटा. असं जे जे मोजून उतरलंय, ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत ठेवा, मी स्वतः निवेदनावर सही करतो.

सर्पगंधेचं तेच. मुंबईच्या रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये बीपीच्या रोग्यांवर मोजून दाखवलं, तेव्हा जग हललं. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या पोथीतल्या वनस्पतीतून मलेरियाचं औषध काढलं, २०१५ चं नोबेल मिळालं. आज गडचिरोलीत हिवताप झाला तर त्याच घराण्यातली गोळी सरकारी पैशानं मिळते. कोणी विचारत नाही की ही चिनी वैद्यकाची का म्हणून.

शेवग्याची शेंग (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

अवांतर: वर्ध्याची असल्यामुळे राहवत नाही. निसर्गोपचाराचा केवढा आग्रह धरला गांधीजींनी, मातीच्या पट्ट्या, एनिमा, सगळं. पण १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स झालं तेव्हा ससूनमध्ये कर्नल मॅडॉक ह्या इंग्रज डॉक्टरानं ऑपरेशन केलंच. आणि त्यांच्या सेवाग्रामात १९६९ पासून जे उभं आहे ते वैद्यकीय महाविद्यालय आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांना तेच उपयोगी पडलं, मातीची पट्टी नाही.

निंबाचा पार (मंगळवार, संध्याकाळी ६:२५)

ताई, मातीची पट्टी बाळंतपणासाठी नसते न वो.

शेवग्याची शेंग (मंगळवार, संध्याकाळी ६:३१)

माहीत आहे हो दादा. :)

मोहफूल (मंगळवार, रात्री ९:१५)

धारणीहून लिहितो. तुमच्याकडे काढा की मशीन हा वाद आहे. आमच्याकडे सरकारी माणूस उंबऱ्यात यायच्या आधीच भूमका, म्हणजे कोरकू आदिवासींचा मांत्रिक-वैदू, येऊन गेलेला असतो.

बाळाचं पोट फुगलं, निळ्या शिरा दिसायला लागल्या की डंबा देतात. तापवलेल्या लोखंडानं पोटावर चटके. वर्तमानपत्रवाले दर वेळी "अघोरी" असं छापतात, चार दिवस अधिकाऱ्यांच्या गाड्या येतात, मग सामसूम. मी कोरकू नाही, पण वीस वर्षं इथे मास्तरकी केली. त्या आजीला नातवाचा जीव प्यारा नसतो असं नाही. तिला तिच्या आजीनं हेच शिकवलं आणि मधल्या दोन पिढ्यांत रात्री दोन वाजता दार उघडणारा दुसरा कोणी आला नाही.

म्हणून मला "पर्यायी" हा शब्दच इथे उलटा वाटतो. आमच्याकडे भूमका हा पहिला, दवाखाना पर्यायी. भूमक्याला हाताशी धरून "तू मंत्र म्हण, राख लाव, पण लोखंड तापवू नको अन् मूल घेऊन दवाखान्यात चल" असं सांगायचे प्रयत्न प्रशासनानं केलेत. त्यासाठी त्याच्या हातावर काही पैसे ठेवले तर तो पर्यायी वैद्यकावरचा खर्च म्हणायचा का? माझ्या मते तो वाहतूक खर्च आहे. आणि सगळ्यात स्वस्त.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंगांच्या "सर्च"नं काय केलं? गावातल्याच बाईला शिकवून आरोग्यदूत केलं, तिनं घरात जाऊन नवजात बाळाचा श्वास मोजला, वजन केलं, जंतुसंसर्ग ओळखून औषध दिलं. १९९९ मध्ये ते लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलं अन् पुढे घरी जाऊन नवजाताची काळजी घ्यायचं काम देशभर आशांकडे गेलं. भूमक्याची जागा घ्यायची तर त्याच्याइतकं जवळ राहणारं माणूस पाहिजे. आयुष मंत्रालयाच्या पोस्टरवर ते माणूस कुठे दिसत नाही.

काळी माती (बुधवार, सकाळी ७:०५)

आकडेमोड यांचे प्रतिसाद वाचले, पण म्हातारपणाचं कोणी बोललंच नाही.

माझी आई बहात्तर वर्षांची. सगळी हयात कापूस वेचण्यात अन् निंदणात वाकून गेली. गुडघे संपले. सरकारी ओपीडीत केसपेपर काढून दोन तास बसली की दोन मिनिटं मिळतात, गोळ्या मिळतात. गावातला एक जण (डिग्री कसली ते देवाला ठाऊक) दर आठवड्याला वेदनाशामक सुई टोचायचा. दीड वर्ष. शेवटी पोटात अल्सर निघाला. आता ती तालुक्याला आयुषच्या ओपीडीत जाते. तेल, शेक, दोन व्यायाम. गुडघा नवा झाला नाही. पण तिथली डॉक्टरीण तिला "आजी, बसा, सांगा" म्हणते. आई घरी येऊन दोन दिवस त्याच गप्पा सांगते.

तुमच्या चाचणीत हे बसतं का मला माहीत नाही. पण ती सुई बंद झाली, हा फायदा मी कोणत्या रकान्यात लिहू?

आकडेमोड (बुधवार, सकाळी ८:१२)

काळी माती, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. वेळ देणारा माणूस दोन्ही ओपीडीत पाहिजे, एवढं म्हणेन. तेल-शेक-व्यायामाला माझा विरोध कधीच नव्हता.

रानजाई (बुधवार, सकाळी ११:४०)

पहिल्यांदा लिहिते आहे. चंद्रपूर जिल्हा. माझ्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. आम्ही दोघं नवरा-बायको एएस, म्हणजे नुसते वाहक, निघालो, लग्नाआधी तपासलं नव्हतं, तेव्हा कोणी सांगतही नव्हतं.

सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सियुरिया मोफत मिळते, रोज एक. ती सुरू केल्यापासून अंगदुखीचे झटके कमी झाले होते. मग बाजाराच्या दिवशी पाल टाकून बसणाऱ्या एका वैदूनं सांगितलं की सहा महिन्यांत मुळापासून जाईल, पण इंग्रजी गोळी बंद करा. सासऱ्यांचा विश्वास बसला. बसण्याचं कारण ऐका. म्हणाले, "सरकारी दवाखान्यातपण आता आयुर्वेदाचा बोर्ड लावला आहे, म्हणजे खोटं कसं असेल?" महिन्याला तीन हजाराची पूड. दुसऱ्या महिन्यात मुलाला असा झटका आला की चार दिवस ऑक्सिजनवर, दोन बाटल्या रक्त.

२०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे. चांगलं आहे, शाळेत तपासण्या होतात. पण त्याच सरकारनं तो बोर्ड लावताना त्याखाली एक ओळ लिहावी की कोणत्या आजाराला इथे औषध नाही. वैदूकडे परवाना नाही, तो कोणत्याही मंत्रालयाचा नाही, मला माहीत आहे. बोर्ड मात्र त्याच्या कामी आला.

मोहफूल (बुधवार, दुपारी १२:१०)

ताई, मुलगा आता कसा आहे?

रानजाई (बुधवार, दुपारी १२:३०)

बरा आहे. गोळी परत सुरू केली. सातवीत गेला.

उपकेंद्राची किल्ली (बुधवार, दुपारी १:०५)

रानजाई ताई, बोर्डाखालच्या ओळीची सूचना मी तालुक्याच्या मीटिंगमध्ये मांडते. होईल न होईल. माझ्या उपकेंद्रापुरती तर मी आजच खडूनं लिहिते. साप, झटके, सिकलसेल, टीबी, शुगरची इन्सुलिन: ह्यासाठी काढा नाही.

वकिली कोट (बुधवार, दुपारी ४:२०)

कायद्याच्या अंगानं दोन ओळी. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं होमिओपॅथनं ॲलोपॅथीची औषधं देणं हा निष्काळजीपणा ठरवला होता. महाराष्ट्रानं पुढे २०१४ मध्ये कायदा बदलून, आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना वाट करून दिली. २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून पुन्हा वाद झाला, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. बीएएमएसना राज्याच्या अधिसूचनांनी आधीपासून काही मुभा आहे. म्हणजे धोरण म्हणून आपण पर्यायी वैद्यकाला पैसा देतो, आणि तेच लोक आधुनिक औषध देतील अशी कायदेशीर सोयही करतो.

निंबाचा पार (बुधवार, दुपारी ४:३५)

तो संप झाला तवा आमच्या गावात कोणाले समजलंच नाई. संपावर जायले एमबीबीएस होता कोठी?

संपादक (बुधवार, रात्री ८:००)

एका कंपनीच्या मधुमेहाच्या चूर्णाची जाहिरात करणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. १९५४ चा जादुई उपचार आणि जाहिरातींचा कायदा इथेही लागू आहे.

कापसाची सरकी (गुरुवार, रात्री ९:२०)

मंडळी, मीटिंग झाली.

धागा मोबाइलवर वाचून दाखवला, सगळा नाही, मॅडमचा अन् चंद्रपूरच्या ताईंचा. पाच विरुद्ध तीन. बीपीचं मशीन, शुगरच्या पट्ट्यांचे चार डबे आणि घडीचं स्ट्रेचर. स्ट्रेचरला पैसे कमी पडतात, ते गणपतीच्या वर्गणीतून शिलकीत असलेले देऊ म्हणून मंडळाची पोरं तयार झाली.

काका चिडले. "माझा विरोध लिहून घे" म्हणाले, मी शब्दाला शब्द लिहून घेतला. मग मीच सुचवलं, की शिबिर घ्या, पण खरेदी नको. प्राथमिक केंद्रातल्या आयुषच्या डॉक्टरांना बोलवू, कपाटात जे तेल मुदतीतलं आहे ते आणतील. ते काकांनी अजून मान्य केलेलं नाही. घरी जेवायला बसले नाहीत, वरच्या खोलीत ताट पाठवलं.

उपकेंद्राची किल्ली मॅडम, एक शेवटचं. दुकानदार विचारतो, मशीनचा दंडाचा पट्टा कोणत्या मापाचा. आमच्याकडच्या बाया हडकुळ्या, दंड मनगटासारखे. आशाताई म्हणतात मोठ्या पट्ट्यात बीपी चुकीचं येतं. खरं का?

उपकेंद्राची किल्ली (गुरुवार, रात्री ९:५०)

खरं आहे. पट्टा दंडाला मोठा झाला की बीपी आहे त्याहून कमी दिसतं, आणि गरोदर बाईचं कमी दिसलं तर फार महागात पडतं. नेहमीच्या पट्ट्यासोबत एक लहान मापाचा वेगळा मागून घ्या. दुकानदार बहुतेक म्हणेल मिळत नाही. यवतमाळला मिळतो. बिल समितीच्या नावानं घ्या, आणि सेल चार जास्तीचे.